उतेकर अण्णांची कुलपं

उतेकर अण्णांच्या डब्याला कुलूप असतं. जेवणाच्या डब्याला. आत बहुधा नाचणीची भाकरी आणि सुकट असते, आणि ती चोरावी असं आमच्या महाडच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात आजवर कुणाच्या मनातही आलेलं नाही. पण हे अण्णांना पटवणार कोण?

अण्णा आमचे कॉम्प्युटरवाले. ट्रकांचे कागद रोज संध्याकाळी सर्व्हरवर चढवायचे, हे काम आमचं. कुणाला चढवू द्यायचं, हे ठरवायचं काम अण्णांचं. पूर्वी सगळ्यांना मिळून एकच पासवर्ड होता आणि तो समोरच्या चहावाल्यालाही पाठ होता. अण्णांनी तो बंद करून एसएसएचच्या चाव्या आणल्या. प्रत्येकाने आपल्या मशीनवर दोन फायलींची एक जोडी बनवायची, एक कुलूप आणि एक चावी. "कुलूप मला आणून दे, मी सर्व्हरला लावतो. चावी तुझ्या मशीनबाहेर जायची नाय. सख्ख्या भावाला पन नाय!" कुलूपसुद्धा फोनवरून पाठवलेलं चालत नाही. पेनड्राइव्हमधून, हातात. कुणी नोकरी सोडली की निरोपाचा चहा निवायच्या आत त्याचं कुलूप काढलेलं असतं. "गेला तो गेला," म्हणतात.

त्यांच्या मुलाचा विषय मात्र काढायचा नाही. मंगेश बापाशी भांडून मुंबईला गेला, तो परत आला नाही. साधा फोनही नाही. कुणी विचारलंच तर अण्णा तेच म्हणतात, "गेला तो गेला." आणि त्यांचा फोन वाजला की पहिली रिंग पुरी व्हायच्या आत उचलतात.

आता आमच्याकडची रीत अशी, की गावाला जाताना घराची चावी शेजारणीकडे देऊन जायचं. मी नणंदेच्या लग्नाला सव गावी निघाले तेव्हा तेच केलं. माझी सर्व्हरची चावी ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली आणि खाली लिहिलं, "कुणाला लागली तर असू दे." तेवढीच माणुसकी!

अण्णांचा फोन मला भर मांडवात आला. "नसीमा, काय केलंस गो? चावी गावभर वाटलीस!" माझं कुलूप त्यांनी तिथल्या तिथे काढलं. मी परतले तर अण्णा रजेवर, सर्व्हर मला ओळख दाखवेना, आणि मालकांनी डोळे वटारलेले. मुकाट्याने नवी जोडी बनवली, कुलूप पेनड्राइव्हवर घेतलं आणि अण्णांच्या गावाला, उमरठला जाणारी एसटी पकडली.

अण्णा मागे परड्यात होते आणि घराचं दार सताड उघडं. कुलूप कुठे दिसेना.

"अण्णा, भाकरीला कुलूप आणि घर उघडं? तुम्ही तर आठवडाभर महाडला असता!" मी हसत म्हटलं.

अण्णा हात पुसत आत आले. "मंग्याची चावी हितंच ऱ्हायली, त्या खुंटीवर. रागात न्यायला इसरला. आला नि दार बंद दिसलं, तर मागं फिरंल."

"मग शेजारी चावी ठेवा की."

"त्यांच्याकडं मागायला त्याला लाज वाटंल गो. माझ्यासारखाच हाय तो."

मी पेनड्राइव्ह पुढे केला. अण्णांनी लॅपटॉप उघडून माझं कुलूप सर्व्हरला लावलं.

"चावी कुनाला दिली नायस ना?"

"नाही अण्णा."

निघताना सवयीने मी दार ओढून घ्यायला गेले. आतून अण्णा ओरडले, "लोटू नको गो! ऱ्हाव दे तसंच."