विकलबरोचा ढग

इंग्लंडमधल्या विकलबरो गावात नव्याने राहायला येणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला नगरपालिका एक ढग देते. जयमालाच्या घरी तो तिसऱ्या दिवशी आला. करड्या रंगाचा, डबलबेडच्या गादीएवढा. थॉर्नली नावाचे साहेब तो घेऊन आले, बूट पुसून आत शिरले, आणि बैठकीच्या खोलीत छताखाली त्यांनी तो नीट सोडून दिला. सोबत एक पुस्तिका दिली. ‘इंग्लिश रीतिरिवाजांची ओळख.’

रिवाज एकच होता. रोज सकाळी नऊ वाजता फाटकापाशी उभं राहायचं आणि शेजारणीजवळ ढगाची तक्रार करायची. सहा आठवडे तक्रार रीतसर झाली, की पोराला बालवाडीत जागा.

जयमालाला वाटलं, एवढंच ना! ती तासगावची. माहेरी बेदाण्याची शेड. द्राक्षं जाळीवर वाळत असताना आभाळात ढग दिसला की तिचे वडील पुढ्यातलं ताट सारून उठायचे. ढगाला शिव्या घालायला तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. शिवाय ओलीनं तिच्या अडीच वर्षांच्या ईश्वरीला एका रात्रीतच खोकला लागला होता. दुपटी वाळत नव्हती, भिंतीला हात लावला तर हात ओला. बालवाडीत मात्र ढग ठेवत नाहीत, तिथं सगळं कोरडं असतं, असं पुस्तिकेत छापलेलं होतं. ते वाक्य जयमालानं चारदा वाचलं.

पहिल्याच सकाळी शेजारच्या मिसेस हॉब्स फाटकापाशी आल्या, तशी जयमाला त्यांच्यावर तुटूनच पडली. इंग्रजी मोडकंच होतं, पण अडलं नाही.

“बाई, हा ढग आमच्या घरातनं काढा! पोरगी खोकून खोकून लाल होतीय. आजच्या आज काढा!”

मिसेस हॉब्स पांढऱ्याफटक पडल्या. “माफ करा,” म्हणाल्या, आणि आत निघून गेल्या.

दुपारी पत्र आलं. ‘आपण तक्रार केलीत, त्याबद्दल आभार. परंतु आपल्या तक्रारीत इच्छा आढळून आली आहे.’

पाठोपाठ थॉर्नलीसाहेब आले. ढगाखाली छत्री उघडून खुर्चीवर बसले.

“बाईसाहेब, ढग जावा असं तुम्हाला खरोखरच वाटतं?”

“मग तक्रार कशाला करतात?”

“जाण्यासाठी तर नक्कीच नाही.” साहेबांना वाईट वाटलेलं दिसलं. “आमच्या आजोबांकडे चौऱ्याऐंशी वर्षं एकच ढग होता. एक दिवस असा गेला नाही की त्यांनी त्याला नावं ठेवली नाहीत. पण हलवा म्हणून कधी शब्द काढला नाही.”

“आणि माणसाला खरंच काही सांगायचं असलं तर?”

“तेही ढगातूनच सांगायचं. मिसेस हॉब्सचे यजमान मार्चमध्ये गेले. त्यांनी फाटकाशी येऊन सांगितलं, ‘आज जरा ओल आहे.’ सगळ्या आळीला कळलं.”

“मग आळीनं काय केलं?”

“आळी म्हणाली, ‘हो, आहे खरी.’” साहेबांनी छत्री मिटली. “फार मोठा आधार वाटला त्यांना.”

जयमालानं आईला फोन लावला.

“घरात ढग?” आई तिकडून ओरडली. “आन् तू गप बसलीस? गंधकाची धुरी दे त्याला!”

“तसं चालत नाही गं आई इथं. तो जावा असं वाटलेलं चालत नाही.”

“अगं, वाटण्याला काय टाळं लावतीस का?”

टाळंच लावायचं होतं. जयमाला आरशापुढं उभी राहून तोंड कोरं करायला शिकली. नवरा दिगंबर कामावरून आला की परीक्षा घ्यायचा. “बोल, ओल कशी आहे?” “जरा आहे.” “भुवई हलली. पुन्हा.” मधेच आतून ईश्वरी खोकायची आणि सगळं मुसळ केरात.

तरी सहा आठवडे भरले. शेवटच्या दिवशी थॉर्नलीसाहेब वही घेऊन फाटकापाशी आले. मिसेस हॉब्स आल्या. जयमालाच्या कडेवर ईश्वरी होती, अंग कोमट, नाक वाहतंय.

“आज जरा ओल आहे,” मिसेस हॉब्स म्हणाल्या.

“हो, आहे खरी,” जयमाला म्हणाली. “चालायचंच.”

ईश्वरी खोकली. लांबलचक, छातीतून. साहेबांनी जयमालाच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. तिथं काही नव्हतं.

“छान,” साहेब म्हणाले. “आता शेवटचा प्रश्न. बालवाडीत एक जागा उरली आहे. हवी आहे का तुम्हाला?”

‘हवी हो, आत्ता हवी,’ जयमालाच्या घशाशी आलं. तिनं ते गिळलं. मिसेस हॉब्स जमिनीकडे बघत होत्या.

“छे, छे,” जयमाला म्हणाली. “तुम्हाला उगाच त्रास. दुसऱ्या कुणाला असेल तर द्या.”

साहेबांनी वहीत खूण केली आणि जागेचा कागद तिच्या हातात ठेवला. तेवढ्यात आईचा फोन आला.

“मिळाली का गं जागा?”

“मिळाली म्हणायची.”

“म्हणायची म्हणजे? पोरगी बरी हाय न्हवं?”

“तशी वाईट नाही.”

“आन् तू? तुला बरं वाटलं का न्हाई?”

“ठीकच आहे. तक्रार करण्यासारखं काही नाही.”

पलीकडे आई एकदम रडायलाच लागली. “अवो,” ती जयमालाच्या वडलांना सांगत होती, “लई काहीतरी वाईट झालंय तिकडं. पोरगी सांगंना झालीय.”

रडू जयमालालाही आलं असतं. पण थॉर्नलीसाहेब अजून फाटकापाशीच उभे होते.