सरांचं दुकान

"अहो, पोर उद्या येतेय आणि तुम्ही अजून आरशापुढेच वाकताय!" आजी स्वयंपाकघरातून ओरडल्या.

"सराव करतोय," सर म्हणाले. जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलेले सर उतारवयात जपानी शिकत होते. मुलगा जपानमध्येच स्थायिक झालेला, सून तिकडचीच आणि चिमुकल्या नातीला जपानीशिवाय एक शब्द येत नव्हता. तिच्याशी आपण स्वतः बोलायचं, मध्ये दुभाष्या नको, एवढाच सरांचा हट्ट होता.

तो हट्ट पुरवणं काही सोपं नव्हतं. सर विचार करायचे इंग्रजीत, त्यामुळे क्रियापद वाक्याच्या मध्येच ठाण मांडून बसायचं. "जपानीत शेवटी येतं ना ते? मग आपल्या मराठीसारखंच की!" असं आजी म्हणाल्या की सर आणखीच चिडायचे. अक्षरं तर तीन तऱ्हेची. अखेर लिपीचा नाद सोडून सरांनी इंग्रजी जाणणाऱ्यांसाठीचे बोलके धडे फोनवर लावले आणि घोकंपट्टी केली. 'आधी प्रस्तावना वाचा' असं मुलांना कान धरून सांगणाऱ्या सरांनी स्वतः मात्र प्रस्तावना गाळली.

नात आली ती आईच्या मागे लपली. सर कमरेत वाकले आणि खणखणीत जपानीत बोलले. सून चमकली.

मुलगा हसू दाबत म्हणाला, "बाबा, 'यावं ग्राहक महोदय, आज काय दाखवू?' हे कुठे शिकलात? हे दुकानात काम करणाऱ्यांचे धडे आहेत!"

सरांचा चेहरा पडला. वर्षभराची मेहनत पाण्यात गेली होती.

तेवढ्यात आईच्या पाठीआडून एक डोकं बाहेर आलं. नातीला हा खेळ वाटला होता. तिने टेबलावरच्या चष्म्याकडे बोट दाखवलं. पुढची वाक्यं सरांना पाठच होती. चष्मा कागदात बांधून मिळाला. मग उशी गेली, छत्री गेली, आजींचा झारासुद्धा गेला.

"अहो, मी तळू कशाने?"

"जरा थांब, दुकानात गर्दी आहे!"

निघायच्या दिवशी टॅक्सी दारात उभी राहिली. नात सरांपुढे आली आणि त्यांच्या पोटाला बोट लावून काहीतरी म्हणाली. मुलगा अर्थ सांगायला पुढे झाला, पण सरांनी त्याला हातानेच थांबवलं. त्यांना कळलं होतं. 'हे द्या. बांधून.'

अशा वेळी काय म्हणायचं तेही धड्यात होतं: 'क्षमा असावी, ही वस्तू विक्रीसाठी नाही.' सरांनी ते वाक्य मात्र गाळलं. डोळे भरून आले.

आजींनी जुनं वर्तमानपत्र आणलं आणि सरांच्या खांद्यांभोवती गुंडाळायला घेतलं.

"रडताय काय? या वयात गिऱ्हाईक मिळालं तुम्हाला! हात वर करा बघू."