कोळथडीच्या पाण्यास विरजण लागलें ती हकीकत

श्री. जें पाणी जीव राखतें आणि जें पाणी जीव नेतें, त्या एकाच पाण्यास नमस्कार करून लिहिलें ऐसीजे. शके एकोणीसशें सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरे, ज्येष्ठ वद्य त्रयोदशी, प्रहर दिवस चढतां नदी फुगोन मौजे कोळथडीच्या विहिरींत शिरली. गत सालीं हेंच जाहलें होतें आणि मागोमाग पटकीची, म्हणजे जुलाब-वांतीची, सांथ आली होती, तींत चौगुलीण सोनकाबाई यांचे थोरले चिरंजीव गेले. धाकटे बयाजी, वय वर्षें चार, तेवढे उरले. बाई विहिरीवर गेल्या, गढूळ पाणी पाहिलें, आणि मनीं इतकेंच म्हणाल्या कीं हा तरी राहावा.

आतां राज्याची तजवीज थोर होती. दरबारानें पाण्यांत घालावयाचें औषध बाटल्या भरून घरोघर फुकट वांटिलें होतें. चमचाभर घागरींत टाकावें आणि घटकाभर थांबावें आणि मग प्यावें, म्हणजे पटकी उंबरा ओलांडीत नाहीं. औषध खरें होतें आणि गुणही खरा होता, आणि नवल पाहावें कीं एकाही घागरींत तें पडलें नाहीं. बाटल्या परटाकडे गेल्या, परटानें त्या भट्टीस सारिल्या, आणि त्या सालीं कोळथडीचीं धोतरें बगळ्यासारखीं पांढरीं जाहलीं. वर्तमान दरबारीं पोहोंचलें तेव्हां खजिनदार बोलले, "फुकटाची कदर नसते, दाम लावा." दाम लाविला, तों परीट एकटा गिऱ्हाईक उरला. मग वैद्यराज बोलले, "लोकांस समज नाहीं, समज द्यावी." मग दवंडी फिरली आणि भिंतींवर चित्रें निघालीं, आणि लोकांनीं माना डोलाविल्या आणि पाणी तैसेंच प्याले. पटकी लागल्यावर जे दुभती गाय विकून दवाखान्याकडे धांवतात, त्यांनीं ती न लागावी म्हणून चमचा उचलूं नये, याचा उलगडा दरबारांत कोणास होईना.

सोनकाबाईंनीं आपली बाटली परटास दिली नव्हती, फडताळांत ठेविली होती. ती काढून चमचा भरला, तों धाकटी जाऊ यमाई हिनें हात धरला.

"अक्का, घरात आजारी कोण हाय?"

"कोणी न्हाई."

"मग औषध कुणाला? परवा काशीला बघायला पाहुणं यायचं हाईत. औषध चालू असलेल्या घरातली पोरगी कोण करंल?"

काशी ही बाईंची नणंद. हाच सारा उलगडा होता, आणि दरबाराच्या एकाही चित्रांत तो नव्हता: औषध आजाऱ्याच्या घरीं असतें, आणि ज्याच्या घरीं औषध तो आजारी. बाईंनीं जावेकडे पाहिलें, अंगणांत खेळणाऱ्या बयाजीकडे पाहिलें, आणि चमचा घागरींत रिता केला. इतक्यांत पाटलीणबाई परड्याच्या कुडावरून डोकावल्या आणि म्हणाल्या, "काय गं घातलंस?" औषध हा शब्द बाईंच्या जिभेवर आला होता, तो गिळला आणि म्हणाल्या, "विरजण."

"पाण्याला विरजण? दही लागतंय काय?"

"दही न्हाई, पाणी चांगलं लागतं."

"मग आमच्या ह्यांच्या रागालाबी घाल की चमचाभर," पाटलीणबाई बोलल्या, आणि सांजच्या आंत त्यांची वाटी आली.

विरजण मागावयास लाज नाहीं, विरजणास दाम नाहीं, आणि शेजारणीस विरजण नाहीं म्हणणें हें त्या मुलखांत घडत नाहीं. पाटलिणीच्या वाटीमागें कुंभारणीची वाटी आली आणि मग सुतारणीची आली आणि आठवड्यांत सारा गांव विरजणाचें पाणी पिऊं लागला. पाहुणे आले, तेंच पाणी प्याले, आणि जातांना मुलाच्या आईनें विरजण मागोन नेलें. काशीचें लग्न ठरलें. दवंडीनें जें जाहलें नाहीं तें एका शब्दानें जाहलें, हें पाहोन लिहिणाऱ्याची लेखणी थबकते.

दरबारासही आनंद जाहला. नव्या बाटल्या सिद्ध जाहल्या आणि वर विरजण ऐसें छापावें ऐसें ठरलें. तों शास्त्रीबोवा उठोन बोलले, "सरकारी कामावर विरजण पडलें, ऐसें लोक म्हणतील. नांव अशुभ आहे." मग नांवाचा वाद मांडला गेला आणि वाद मिटेपर्यंत बाटल्या कोठारांत राहिल्या.

सारांश, रोग पाण्यांत होता आणि उपाय फडताळांत होता, आणि दोहोंमध्यें एक शब्द उभा होता. तो कोळथडींत हालला, राजधानींत अडला. आषाढ शुद्ध दशमीस पटकी नदीच्या वरल्या अंगास मौजे हिंगणीस आली. गांवाच्या वाट्या भरतां भरतां सोनकाबाईंच्या बाटलींत बयाजीपुरतें कांहीं दिवसांचें उरलें आहे, अधिक नाहीं. आज सकाळीं पाटलांची गरोदर सून वाटी घेऊन दारीं आली. बाईंनीं वाटी हातीं घेतली आणि फडताळाकडे गेल्या, येथवर वर्तमान आहे.