बसाप्पाअण्णांचा रुमाल

बसाप्पाअण्णा जिथं बसतील तिथं शेजारच्या जागेवर रुमाल टाकतात. धुऊन धुऊन पिवळा पडलेला, निळ्या काठाचा रुमाल. लग्नाच्या पंगतीत टाकतात, न्हाव्याच्या बाकड्यावर टाकतात, एवढंच काय, स्वतःच्या दारातल्या कट्ट्यावरसुद्धा टाकतात. कुणी विचारलं, "अण्णा, कोण येतंय?" तर म्हणणार, "येतंय की. तुला का घाई?" येत कुणीच नाही. आमच्या लोहाऱ्यातल्या लोकांना आता सवय झालीय. नवा माणूस तेवढा बिचारा उभा राहून वाट बघतो.

गंमत म्हणजे अण्णा यष्टीत कंडक्टर होते. नावातच बस, दुसरीकडं कुठं जाणार होते? नोकरीत असताना खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्यांवर त्यांचा भलता राग. रुमाल दोन बोटांत धरून अख्ख्या गाडीला दाखवायचे, "ह्या पावण्याचं तिकीट कुणी काढलंय?" आणि द्यायचे बाहेर भिरकावून. माझ्या सासऱ्यांचे दोन रुमाल असेच गेले म्हणे. आणि आता हाच माणूस गावभर रुमाल टाकत हिंडतो. बोलायला गेलं की हात झटकून कानडीत म्हणतात, "होगली बिडू!" म्हणजे जाऊ दे, सोड. हा त्यांचा रामबाण. बटाटे महागले, होगली बिडू. लाईट गेली, होगली बिडू.

अण्णा आमचे भिंतीला भिंत लावून शेजारी. एकटेच असतात. आमचे हे सोलापूरला नोकरीला, शनिवारी येणार. त्यामुळं मला सातवा लागला तसा माझा अर्धा कारभार अण्णांनी न विचारताच हातात घेतला होता.

माझ्या डोक्यात तेव्हा एकच भुंगा. माझ्या बहिणीच्या लेकराला चौथ्या दिवशी कावीळ झाली आणि सणाच्या दिवशी ओली बाळंतीण लेकरू पदराखाली घेऊन दवाखान्यांची बंद दारं वाजवत फिरली. लेकरू वाचलं, पण ती अजून झोपेत दचकते. मी ठरवलं, आपण असं दारोदार हिंडायचं नाही. बाळाचा डॉक्टर आधीच बघून ठेवायचा.

सासूबाईंनी हे ऐकलं आणि हातातलं लाटणंच खाली ठेवलं. "अगं बाई, पाळणासुदा कुणी आधी आणीत न्हाय, आन् तू डागदर आणायलीस? लेकरू यायच्या आधी आजारपणाला आवतन?"

भिंतीपलीकडून अण्णांचं डोकं वर आलं. त्यांना आमच्या घरातलं सगळं ऐकू येतं आणि ते लपवतही नाहीत.

"वैनी, बराबर हाय तुमचं," ते म्हणाले. "लेकराचं नाव काढायचंच न्हाय. पर रुमाल टाकून ठिवायला काय हरकत हाय? पेशंट म्या हुतो."

"तुम्ही? लेकरांच्या दवाखान्यात?"

"मग? म्हातारपण आन् ल्हानपण, काय लई फरक हाय का?"

सासूबाईंनी लाटणं परत हातात घेईपर्यंत आम्ही उमरग्याच्या गाडीत बसलो होतो.

गाडीत अण्णांनी मला त्यांची तऱ्हा समजावून सांगितली. "हे बघ माय, लेकराला बोलता येतं का? न्हाय. मग मीबी बोलणार न्हाय. कुठं दुखतंय ते त्यांनी हुडकायचं. तूबी सांगायचं न्हाय."

"पण अण्णा, तुमचं खरंच काही दुखतंय का?"

"ते त्यांनी सांगायचं!"

पहिल्या दवाखान्यात काउंटरवरच्या पोरीनं मान वर न करता विचारलं, "पेशंटचं नाव?"

"बसाप्पा."

"वय?"

"अडुसष्ट."

"महिने का वर्षं?" तिनं सवयीनं विचारलं आणि मग वर बघितलं. समोर पांढऱ्या झुपकेदार मिशा. तरी सवयीपुढं इलाज नाही, तिनं त्यांना वजनाच्या काट्यावर उभं केलंच. तिथून पुढं अण्णांनी तोंडाला जे कुलूप लावलं ते लावलं. आजूबाजूला सगळी रडकी लेकरं, भिंतीवर ससे आणि हत्ती, मधे अण्णा आणि शेजारच्या खुर्चीवर रुमाल. माझ्यासाठी असेल म्हणून मी बसायला गेले तर त्यांनी डोळे वटारले. मी दुसरीकडं बसले. मला तर धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं.

डॉक्टरांनी विचारलं, "काय होतंय?" अण्णा गप्प. डॉक्टर माझ्याकडं वळले. "बाबांना काय होतंय?"

मी म्हटलं, "माहीत नाही."

"जेवण? झोप?"

"असेल की बरं," मी चाचरत म्हटलं. त्यांनी टॉनिक लिहून दिलं आणि बेल वाजवली.

बाहेर येताच अण्णा फुटलेच. "बघितलंस? माझ्याकडं येकदा तरी बघितलं का त्यानं? तुझ्या तोंडाकडं बघून मला आवषद दिलं! नापास!" मला हसू आवरत नव्हतं, पण ते हसत नव्हते.

दुसरे डॉक्टर सज्जन होते. त्यांनी अण्णांची छाती तपासली, पण नळी एवढी गार की अण्णा मुकेपणातही ओरडले. "तान्ह्याच्या छातीला आसं बरफ लावायचं व्हय?" तेही नापास. माझे पाय सुजलेले, कंबर धरलेली. म्हटलं, "अण्णा, पुरे आता. अशानं लेकरू लग्नाला येईल तरी डॉक्टर मिळायचा नाही."

"होगली बिडू. आजून येक."

तिसऱ्या डॉक्टर बाई होत्या. तरुण, साधा सुती ड्रेस. अण्णा आत गेले, बसले, शेजारच्या स्टुलावर रुमाल टाकला, तोंड मिटलं. बाईंनी "काय होतंय" असं विचारलंच नाही. खुर्ची ओढून त्यांच्या समोर बसल्या. नळी आधी तळव्यात चोळून ऊन केली. मी तोंड उघडायला गेले तर हातानंच थांबवलं. नाडी बघितली, डोळे बघितले, बराच वेळ नुसतं त्यांच्याकडंच बघितलं. मग स्टुलाकडं बघून हळूच विचारलं, "आजोबा, ही जागा कुणासाठी धरलीय?"

अण्णांची मिशी हलायला लागली.

"घरच्यांसाठी."

"येतायत का त्या?"

"गेल्या. दोन वर्सं झाली." अण्णांनी स्टुलावरचा रुमाल सरळ केला. "लकवा मारला व्हता. वाचाच गेली. म्या दवाखान्यात शेजारी बसवायचो तिला, जागा धरून. समदे डागदर मलाच इचारायचे, काय व्हतंय, कुठं दुखतंय. म्या आपला अंदाजानं सांगायचो. पोटात दुखत आसंल, डोकं दुखत आसंल. ती नुसती माझ्या तोंडाकडं बघायची. तिला कुणीच इचारलं न्हाय, बाई. मीबी न्हाय."

मी पदर तोंडाला लावला. बाईंनी औषध लिहिलं नाही. त्यांचा हात धरून बसून राहिल्या. बाहेर पोरं रडत होती, तरी घाई केली नाही. नंतर माझ्याकडं वळून म्हणाल्या, "बाळ आलं की घेऊन या. आणि आजोबांनाही आणा."

मी लेकराचं नाव काढलं नव्हतं, अण्णांनीही नव्हतं. सासूबाईंचा नेम शाबूत राहिला.

परतीच्या गाडीत अण्णा खिडकीबाहेर बघत बसले होते. लोहारा दिसायला लागल्यावर एवढंच म्हणाले, "पास."

मला मुलगी झाली. सव्वा महिन्यानं तिला टोचायला घेऊन आम्ही उमरग्याला गेलो. दवाखान्यात ही गर्दी, उभं राहायला जागा नाही. अण्णा आमच्या आधीच्या गाडीनं जाऊन कोपऱ्यात बसले होते. शेजारच्या खुर्चीवर रुमाल. एका पाहुण्याशी त्यावरून त्यांचं भांडणही होऊन गेलं होतं.

आम्हाला बघताच त्यांनी रुमाल उचलला, झटकला आणि नीट घडी घालून खिशात ठेवला. या दोन वर्षांत तो असा खिशात गेलेला मी कधी बघितला नव्हता.

"बस," ते म्हणाले.

माझा पाय पुढं होईना. "अण्णा, ती काकूंची जागा आहे."

"व्हय," अण्णा म्हणाले, आणि माझ्या लेकीला घ्यायला दोन्ही हात पुढं केले. "तिला इचारूनच देतोय."