लॉनची बांधी

"घरात एक ढोर नाही, आन बाई गवताले पाणी पाजून राहिली."

मामाजी हे पुटपुटले ते अगदी माझ्या कानाशी. मी अंगणात उकिडवी बसून पाइपासाठी नाली खोदत होते आणि ते पाठीशी उभे होते. मामाजी म्हणजे माझे सासरे, श्यामलाल. जन्मभर कामठ्याला धान पिकवलेला माणूस.

मी ऐकलं नाही असं दाखवलं. आमच्या घरात ही सोय आहे. सासूबाई गेल्या, तसं आम्ही कामठ्याच्या घराला कुलूप घातलं, शेती गावातल्या केवलरामला बटईनं कसायला दिली आणि मामाजींना गोंदियाला घेऊन आलो. तेव्हापासून "अठी करमते का?" असं त्यांना कोणी विचारलेलं नाही. उत्तर ठाऊक असलेला प्रश्न विचारावा कशाला? मी विचारत नाही, माझा नवरा प्रफुल विचारत नाही. लेक आचल एकदा विचारायला निघाली होती, तर मी तिच्या तोंडात भजं कोंबलं.

पण माझा बेत पक्का होता. मामाजींची पंच्याहत्तरी आली होती. जन्मतारीख कोणालाच माहीत नाही. सासूबाई सांगायच्या, अक्तीच्या मागेपुढे. तर अक्तीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरापुढे हिरवंगार लॉन, त्यावर खुर्च्या, कामठ्याची माणसं आणि केक. मामाजी रोज हिरवळीवर अनवाणी फिरतील, त्यांचं मन रमेल. मन रमलं की विचारायची गरजच उरत नाही.

आणि लॉनला पाणी द्यायची सगळी जोडणी मी स्वतः करणार होते! माझा गुरू म्हणजे मोबाइल. त्याच्याकडून मी ब्लाउज शिवायला शिकले, नळ दुरुस्त करायला शिकले, ढोकळाही शिकले. ढोकळा सोडला तर सगळं जमतं.

"हे पाहा मामाजी," मी समजावू लागले. "मोटर टाकीतून पाणी ढकलते. पुढे हा फिल्टर, कचरा अडवायला. मग हा व्हॉल्व्ह. मग जमिनीखालून पाइप आणि पाइपावर हे पॉप-अप. पाण्याचा दाब आला की हे डोकं वर काढतात, गोल फवारा मारतात, दाब गेला की गुपचूप खाली बसतात."

"गुलाबचंदसारखे," मामाजी म्हणाले.

गुलाबचंद आमचे शेजारी. आमच्याकडे चहा उकळला की कंपाउंडवरून त्यांचं डोकं वर येतं.

"आणि हा टायमर. संध्याकाळी सहाला पाणी आपोआप सुरू, आपोआप बंद."

"मंग मानसानं का कराचं?"

"आराम करायचा, मामाजी."

 मामाजी नवीन गवताकडे पाहत राहिले. हे उत्तर मी फार ऐटीत दिलं होतं, आता आठवलं की जीभ चावते.

पहिली चाचणी फसली. पॉप-अप बसवण्याआधी पाइपातून पाणी सोडून आतली माती धुऊन काढायची असते. व्हिडिओत ते सांगितलं होतं, पण नेमकं तेव्हाच माझं दूध उतू गेलं. त्यामुळे एक सोडून सगळी तोंडं मातीनं बुजली आणि सगळा दाब कोपऱ्यातल्या एकट्या पॉप-अपवर आला. त्याची धार निघाली ती कंपाउंड ओलांडून. थोड्या वेळानं गुलाबचंद गेटात आले. हातात ओला पेपर, मिशीतून पाणी ठिबकत होतं.

"भाभीजी, हम सुबह नहा चुके थे."

मी सगळं उघडलं, धुतलं, पुन्हा बसवलं. यंत्रणा चालू लागली. मामाजींना त्यातली एकच गोष्ट आवडली. टायमर बिघडला तर हातानं पाणी सोडायची चावी. ती त्यांनी फिरवली, बंद केली, परत फिरवली.

"हे बरं हाये," ते म्हणाले.

गोंदियाला आल्यापासून त्यांनी पहिल्यांदा कशाला तरी बरं म्हटलं होतं. मी दिवसभर ते सगळ्यांना सांगत सुटले. फवारा मात्र त्यांना पटला नव्हता. "हे पाणी देनं हाये का थुकनं हाये?" असं ते आचलला विचारत. त्यातलंही थोडं पाणी गेटाखालून रस्त्यावर जायचं. नहराच्या पाण्याच्या पाळीसाठी ज्यानं भांडणं केली, त्याला ते पाहवत नसे. रोज संध्याकाळी गेटाशी उभे राहून ते वाहून जाणाऱ्या पाण्याकडे बघायचे. पाहुणा न जेवता परत निघाल्यासारखा चेहरा करून.

अक्तीच्या दिवशी मी, प्रफुल आणि आचल केक आणायला बाजारात गेलो. परत आलो तर लॉन नव्हतं.

म्हणजे होतं, पण पाण्याखाली. चारी बाजूंनी मातीचा धुरा, म्हणजे बांध, घातलेला, फावड्याच्या पाठीनं थापून गुळगुळीत केलेला, आत घोट्यापर्यंत पाणी. थेट धानाची बांधी, भाताचं खाचरच. माझे पॉप-अप तळाशी गेले होते. नव्या गवताचे तुकडे मुळासकट सुटून, पाकात पडलेल्या पुऱ्यांसारखे तरंगत होते. मध्ये मामाजी, धोतर वर खोचून, खांद्यावर फावडं. चेहरा इतका खुललेला की मला ओरडायचं सुचेना.

"मामाजी, हे काय केलं?"

"पाणी पळून जाऊन राहिलं होतं. अडवलं. तुयी चावी लय कामाची हाये, बाई."

"अहो, लॉनमध्ये असं पाणी साठवत नाहीत. गवत आहे ते."

"धान बी गवतच होय."

मी सवयीनं मोबाइल काढला आणि परत ठेवला. प्रफुलनं धुरा फोडायला फावडं मागितलं, हातात घेतलं, वडिलांकडे पाहिलं आणि भिंतीला टेकवून ठेवलं. "पाहुणे जाऊ दे, मग पाहू," तो म्हणाला. आमच्या घरात सगळंच पाहुणे गेल्यावर पाहायचं असतं.

कामठ्याची माणसं टेम्पोनं आली. कोणी काही विचारलं नाही. चपला गेटाशी काढल्या आणि सगळे एकामागे एक धुऱ्यावरून चालत आले.

"झकास बांधी केली, काकाजी," केवलराम म्हणाला. "उतार बी बराबर काढला."

मामाजींची बहीण कुसुमबाई पाण्यातल्या खुर्चीवर बसली आणि आपल्या गुडघेदुखीबद्दल सांगू लागली. सांगता सांगता खुर्ची चिखलात खाली खाली जात होती. दुखणं कमरेपर्यंत आलं तेव्हा ती जवळजवळ जमिनीवर बसली होती.

"अल्का, तुया खुर्च्या बुटक्या हायेत व," ती म्हणाली.

गुलाबचंद नव्या बुटांनिशी आले आणि थेट आत उतरले. तेवढ्यात सहा वाजले. टायमर मी बंद करायला विसरले होते. पाण्याखाली पॉप-अप उठले आणि सगळी बांधी भाताच्या आधणासारखी खदखदू लागली.

"भाभीजी, कुछ उबल रहा है," गुलाबचंद म्हणाले.

उंचावरचा फक्त एक पॉप-अप कोरडा होता, तोच कोपऱ्यातला, केकच्या टेबलाशेजारी. त्यानं गोल फिरून केकवरचं मामाजींचं नाव धुऊन काढलं. मी चावीकडे धावले, धुऱ्यावर घसरले आणि नव्या साडीसकट बांधीत बसले. सगळे खो खो हसले. मीही हसले, दुसरं करणार काय? मामाजींनी मला हात दिला.

"धुऱ्यावर पाय आडवा टाकाव लागते, बाई."

आचलनं पाणी बंद केलं. केवलरामनं बगलेतली कापडी थैली पुढे केली. "काकाजी, भेट का आनाव समजलं नाही. तुमच्याच बांधीतलं बी हाये."

मामाजींनी थैलीत हात घातला. मूठ भरली, पाण्याकडे पाहिलं आणि हात असा सहज फिरवला की दाणे सगळीकडे सारखे पडले.  दाणे बुडाले तिथे ते पाहत उभे राहिले. प्रफुल केककडे पाहू लागला, मी साडीचा चिखल खरडू लागले. आचलनं तोंड उघडलं, मी डोळे वटारले.

मामाजींनी ओला हात माझ्या डोक्यावर ठेवला.

"तुया गवताचा सत्यानाश केला मी. तू मनापासून केलं होतं, मले समजते." मग हळूच, जणू आपलीच चूक असल्यासारखं म्हणाले, "पर मले अठी करमत नाही, बाई."