टेकडीवरच्या कोर्टाचा कौल

मुलांनो, मांडी घालून नीट बसा. एका जंगलात नदीकाठी एक जांभळीचं झाड होतं, आणि त्याखाली कोर्ट भरायचं. न्यायाधीश होते वानरराव.

कोंडाबाई कासविणीचा खटला तिथे तीन वर्षं चालू होता. ती ज्या वाळूत अंडी घालायची, ती वाळू घोरपडीने बळकावली होती. यंदा अंडी घालायचे दिवस जवळ आले होते. कोंडाबाई आयुष्यात पहिल्यांदाच घाईत होती.

नेमकी तेव्हाच वानररावांना खालची हवा मानवेनाशी झाली. त्यांचं घर टेकडीच्या माथ्यावर.

"कोर्ट वर न्यावं म्हणतो," ते म्हणाले. "अर्थात, जनतेला विचारूनच!"

जंगलाचा कायदाच तसा होता. हो म्हणायचं तर हिरवं पान टाकायचं, नाही म्हणायचं तर वाळकं.

"पान टाकायचं कुठं, साहेब?" कोंडाबाईने विचारलं.

"वरच की! जागा न बघता मत कसं देणार, बाई?"

सगळ्यांना पटलं. कोंडाबाईलासुद्धा पटलं, हेच तर वाईट. तिने वाळकं पान तोंडात धरलं आणि ती चढायला लागली.

मतदानाच्या दिवशी माथ्यावर हरणं आली, ससे आले, पाखरं तर चुटकीसरशी आली. घोरपड सरसर चढून आली.

"लांब पडतं का हो?" वानररावांनी विचारलं.

"छे, छे!" आलेले सगळे म्हणाले.

एकही वाळकं पान पडलं नाही. लगेच नव्या कोर्टात पहिला पुकारा झाला तो कोंडाबाईचा. तीनदा झाला. मग एकतर्फी निकाल लागला आणि वाळू घोरपडीला मिळाली.

कोंडाबाई पोचली चौथ्या दिवशी. पाय सोलवटले होते, पान मात्र शाबूत होतं.

वानरराव धावत सामोरे आले. "बघा! कासवसुद्धा येऊ शकतं! आता कोण म्हणेल कोर्ट लांब आहे?"

टाळ्या पडल्या. कुणीतरी तिला हारही घातला.

"साहेब, माझी वाळू?" कोंडाबाईला रडू फुटलं. पान खाली पडलं.

"अपील करा ना," वानरराव मायेने म्हणाले. "अपिलाचं कोर्ट आता खाली जांभळीखाली भरतं. उद्या शेवटची तारीख. तिथे तरी वेळेवर पोचा, बाई."

तात्पर्य: मुलांनो, गैरसोयीची तक्रार करायला स्वतः कधी जाऊ नये. पोचलात, की गैरसोय नव्हतीच असं सिद्ध होतं.