निकुंभकाकांची कोरी वही

निकुंभकाकांच्या फ्रीजमध्ये दूध असतं, हिरव्या मिरच्या असतात आणि डिंकाने चिकटवलेले कागदाचे तुकडे असतात. तीन दिवस ऊन, एक दिवस फ्रीज, मग काका तुकडा ओढून बघतात. सुटला की डिंक रिजेक्ट. गेल्या आठ महिन्यांत सिल्वासाच्या बाजारातला एकही डिंक पास झालेला नाही.

दोष माझा आहे. आम्ही नाशिकचे, नवऱ्याच्या नोकरीपायी इथे सिल्वासाच्या डोकमर्डीत आलो. वेळ जावा म्हणून मी जंक जर्नल करायला लागले. म्हणजे तिकिटं, वेष्टनं, जुनी पाकिटं असले टाकाऊ कागद वहीत चिकटवायचे आणि शेजारी दोन ओळी लिहायच्या. समोरच्या दारातले निकुंभकाका एकदा माझी वाटी परत द्यायला आले आणि ती वही बघत उभेच राहिले.

"ताई, समजा चुकीचं चिकटलं तर?"

"चुकू दे की! त्यातच गंमत आहे."

काकांचा चेहरा पडला. धाग्याच्या कारखान्यात बावीस वर्षं मालातल्या चुका शोधणाऱ्या माणसाला मी चुकण्यातली गंमत सांगत होते.

तरी दुसऱ्याच दिवशी त्यांनी जाड वही आणली. एका पिशवीत कागद साठायला लागले. धागा गुंडाळायच्या पुठ्ठ्याच्या कोनांवरची लेबलं, धुळ्याच्या एसटीची तिकिटं, खेरडीच्या बाजारातल्या शेवेच्या पुडीचा कागद. प्रत्येकाला कारखान्यातल्यासारखा टॅग: हिरवा म्हणजे पास, पिवळा म्हणजे थांबा, लाल म्हणजे रिजेक्ट. सगळेच्या सगळे पिवळे! "समजा, शाई फुटली?" "समजा, वाळवी लागली?" "समजा, उद्या याहून बरं काही सापडलं?" माझा नवरा त्यांना पाठीमागे समजाकाका म्हणतो. वही कोरीच्या कोरी.

आणि आता महिनाअखेरीला काका निवृत्त होऊन गावी निघाले. काकू तिकडे धुळ्याजवळच्या गावात, सासूबाईंच्या दुखण्यामुळे कधी इकडे राहायला आल्याच नाहीत. वही काकूंना द्यायची होती. दिवस उरले नऊ, चिकटलेली पानं शून्य. मला बघूनच धाप लागायची.

त्यात घर मालकाला परत द्यायचं म्हणून काकांनी रंगकाम काढलं. पिशवीवर शिंतोडे उडतील म्हणून ती दाराबाहेर ठेवली. पण समजा, कोणी उचलली? म्हणून तिला मोठा लाल टॅग बांधला. "लाल मालाला आमच्याकडे कोणी बोट लावत नाही," असं मला वर समजावूनही सांगितलं.

सकाळी पिशवी गायब. वॉचमन अभिमानाने म्हणाला, "मैं भी कंपनी में था, साहब. लाल मतलब भंगार. भंगारवाले को दे दिया." बिचारा शाबासकीची वाट बघत होता.

काका जिन्यातच बसले. "ताई, मनी पिशवी कथी गई?" माझ्याशी काका नेहमी जपून, पुस्तकी बोलायचे. अहिराणी फक्त काकूंच्या फोनवर. ते ऐकून मी स्कूटरची किल्ली आणायला धावले.

स्कूटरवर काकांना मागे बसवून मी रांध्याच्या रस्त्यावरचं भंगाराचं दुकान गाठलं. "समजा, त्यानं फाडली?" "समजा, गाडीत भरून गेली?" आज पहिल्यांदा त्यांचं प्रत्येक समजा मलाही खरं वाटत होतं.

पिशवी खोक्यांच्या ढिगाखाली निघाली, एका बाजूने फाटलेली. तिकिटं पायाखाली उडत होती. काकांनी तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. कोपरापर्यंत हात घालून त्यांनी मिठाईचा एक चपटा डबा बाहेर काढला. तो मी कधीच बघितला नव्हता.

आत चिठ्ठ्या होत्या. गावाहून येणाऱ्या खाऊसोबत काकूंनी घातलेल्या, बावीस वर्षांच्या. 'कळण्याचं पीठ आधी संपवा.' 'सांडग्यांना ऊन दाखवा.' 'लाडू सगळे वाटू नका, स्वतः खा.'

"फोनवर आईच्या गोळ्या आणि विहिरीचं पाणी, एवढंच बोलणं व्हायचं," काका म्हणाले. "उत्तर लिहायला खूपदा बसलो, ताई. पण समजा, काही भलतंच लिहिलं गेलं? एकदाही लिहिलं नाही. तिला वाटत असेल, मी फेकून देतो."

मला एकदम रडू आलं. या माणसाच्या डिंकावर मी आठ महिने हसत होते.

घरी आल्यावर काकांनी माझा डिंक मागितला, पहिल्याच आठवड्यात रिजेक्ट केलेला. लाडवांची चिठ्ठी पहिल्या पानावर ठेवून दाबली. ती चांगली बोटभर तिरकी बसली. आता त्यांचं कारखान्यातलं तपासणीचं भिंग निघेल म्हणून मी वाट बघत राहिले.

काकांनी पेन काढलं. बराच वेळ ते कागदावर टेकेना. मग चिठ्ठीखाली त्यांनी सावकाश लिहिलं: 'लाडू मिळाले. मी एकट्यानेच खाल्ले.'